समोशावर इशारा आलाच नव्हता; मग तेल-साखरेच्या फलकांनी नेमकं काय बदलणार?

जुलै २०२५ मध्ये दोन-तीन दिवस सोशल मीडियावर एकच चर्चा होती. समोसा आणि जिलेबीवर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार असल्याच्या बातमीपासून हे सुरू झालं. मग त्या यादीत वडापाव, भजी, लाडू अशी एकेक नावं जोडली गेली. पिझ्झा-बर्गरला कुणी काही म्हणत नाही आणि आमच्याच खाण्यावर डोळा का, असा सूर लागला. मीम्सचा पाऊस पडला.

१५ जुलैला पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीने खुलासा केला. विक्रेत्यांनी पदार्थांवर इशारा लावावा असा कोणताही आदेश आरोग्य मंत्रालयाने दिलेला नाही आणि भारतीय पदार्थांना वेगळं काढून लक्ष्यही केलेलं नाही, असं त्यात म्हटलं होतं.

खुलासा आला आणि विषय संपला. पण ज्या पत्रावरून हे सगळं झालं, ते पत्र खरं होतं. त्यामागची काळजीही खरी होती. वडापाववर बंदी येणार का, हा प्रश्न तसा गौणच आहे. रोजच्या जेवणातलं तेल आणि साखर कमी करायची, तर ती नेमकी कुठून कमी करायची? ते काम एकट्या खाणाऱ्याचं आहे का? खरा प्रश्न हा आहे.

मूळ सूचना काय होती?

केंद्रीय आरोग्य सचिवांनी २१ जून २०२५ रोजी सर्व मंत्रालयांना आणि विभागांना एक पत्र पाठवलं. कार्यालयांच्या कँटीनमध्ये, लॉबीत, बैठकीच्या खोल्यांमध्ये 'तेल आणि साखर फलक' लावावेत, अशी ती सूचना होती. नेहमीच्या पदार्थांमध्ये किती तेल आणि किती साखर असते, हे त्या फलकावर दिसावं, म्हणजे खाणारा निदान विचार करेल, अशी कल्पना. सरकारी लेटरहेड आणि पाकिटांवर आरोग्याचे संदेश छापण्याचीही सूचना त्यात होती.

याआधी शाळांपासून सुरुवात झाली होती. सीबीएसईने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. त्या परिपत्रकातला आकडा बोलका आहे. ४ ते १० वर्षांच्या मुलांना रोजच्या ऊर्जेपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांना १५ टक्के ऊर्जा साखरेतून मिळते. शिफारस आहे ५ टक्क्यांची. जुलैमध्ये तेलाच्या फलकांचीही भर पडली.

त्याच्याही आधी, २३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं.

आवाहन, परिपत्रक आणि पत्र, या तिन्हींचा रोख एकाच दिशेने आहे. माणसाला आकडा सांगा, तो सवय बदलेल.

काळजी करण्यासारखं काय आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन जास्त आढळलं. आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साधारण १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

'मी तर बारीक आहे, मला काय होतंय' हा समज भारतीयांच्या बाबतीत विशेष धोक्याचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट स्वतःच्याच उदाहरणाने दाखवली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांबद्दल एकच सांगत होता, शरीरं मात्र वेगळी होती.

म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, हे चित्र आपल्याकडे सहज दिसतं त्याला कारण आहे. अशा शरीराला तेल आणि साखरेतून मिळणारी जास्तीची ऊर्जा लवकर जड जाते.

२५ ग्रॅम आणि २७ ग्रॅम: हे आकडे कुठून आले?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात वरून घातलेलं तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. छोट्या चहाच्या चमच्याने मोजलं तर पाच-साडेपाच चमचे. दाणे, तीळ, खोबरं, दूध यांतून मिळणारी चरबी याशिवाय असते.

वरून घातलेल्या साखरेची मर्यादा आहे एकूण ऊर्जेच्या ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये १० टक्क्यांची मर्यादा घालून दिली आणि ५ टक्क्यांपर्यंत खाली आणता आली तर अधिक चांगलं, असं म्हटलं. भारतीय तत्त्वांनी ही दुसरी, कडक मर्यादा स्वीकारली आहे.

तेल आणि साखर यांचा विचार एकत्र का? एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. दोन्ही जेवणात सहज मिसळून जातात. भाजीत एक पळी तेल जास्त पडलं म्हणून पोट जास्त भरल्यासारखं वाटत नाही. चहात एक चमचा साखर वाढली म्हणून दुपारची पोळी कमी होत नाही.

घरात हे मोजायचं कसं?

रोज चमचे मोजत स्वयंपाक कुणी करत नाही. फोडणी अंदाजानेच पडते. म्हणून महिन्याचा हिशोब सोपा पडतो.

चार मोठ्या माणसांचं घर धरलं, तर दिवसाला २७ ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला सव्वातीन किलो होतात. लिटरमध्ये साधारण साडेतीन. यात तेल, तूप, लोणी सगळं आलं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल आणि वर तूप वेगळं येत असेल, तर त्या घराला उत्तर मिळालं. यात बाहेरच्या खाण्यातलं तेल धरलेलंच नाही.

साखरेचंही तसंच. चौघांना दिवसाला २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला तीन किलो. ही मर्यादा बिस्किटं, मिठाई, आइस्क्रीम, सरबत असं सगळं मिळून आहे. घरात भरलेली साखरच तीन किलो असेल, तर बाहेरच्या गोडाला जागाच उरत नाही.

चहा हा यातला सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित भाग. दोन चमचे साखरेचे दोन कप चहा घेतले की १६ ते २० ग्रॅम साखर पोटात गेली. ऑफिसात तिसरा कप झाला की दिवसाचा कोटा संपला. श्रीखंड किंवा पुरणपोळी सणाला होते, चहा मात्र वर्षाचे ३६५ दिवस होतो. त्यामुळे पुरणपोळीबद्दल अपराधी वाटून घेण्यापेक्षा चहातला अर्धा चमचा कमी करणं जास्त कामाचं. जिभेला कमी गोडाची सवय हळूहळू लागते. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू केलेले बरेचजण आठवड्यात परत फिरतात.

तेलाबाबत महाराष्ट्राच्या प्रत्येक भागाची आपली सवय आहे. कुठे शेंगदाणा, कुठे करडई, कोकण-गोव्यात खोबरेल, विदर्भात जवस. यातलं 'सर्वात आरोग्यदायी' तेल कोणतं, यावर समाजमाध्यमांवर रोज वाद होतात. पोषणतज्ज्ञांचा सल्ला इतकाच आहे की एकाच तेलावर विसंबू नये, आलटून पालटून वापरावं. लाकडी घाण्याचं असो की रिफाइंड, एका ग्रॅममधल्या कॅलरी तेवढ्याच. महागडं तेल आहे म्हणून हात सैल सोडला, तर फायदा उरत नाही.

पण सगळं तेल-साखर घरातच जाते का?

नाही. आणि फलकांची मर्यादा इथेच आहे.

देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. लोकसंख्येने भागलं तर माणशी १९ किलोच्या आसपास. मर्यादेनुसार हा आकडा साधारण ९ किलो हवा. खाद्यतेलाचंही असंच. मर्यादेनुसार माणशी वर्षाला १० ते ११ किलो पुरेसं आहे, प्रत्यक्षात देशातली उपलब्धता माणशी १९-२० किलोच्या पुढे गेली आहे. दोन्हीकडे जवळपास दुप्पट. उपलब्ध झालेलं सगळंच पोटात जातं असं नाही, तळणाचं काही तेल फेकलंही जातं. तरी कल अगदी स्पष्ट आहे.

यातल्या साखरेचा निम्म्याहून मोठा वाटा घरातल्या डब्यात जात नाही. तो शीतपेयं, बिस्किटं, मिठाई, आइस्क्रीम, चॉकलेट बनवणाऱ्या मोठ्या खरेदीदारांकडे जातो. पामतेल फार कमी मराठी घरांत पिशवी फोडून वापरलं जातं, तरी भारत जगातला पामतेलाचा सर्वात मोठा आयातदार आहे. ते तेल फरसाण, चिप्स, बिस्किटं, खारी आणि हॉटेलच्या कढईतून घरी येतं.

खर्चाची आकडेवारीही हेच सांगते. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत खाण्यापिण्यावरच्या खर्चात सर्वात मोठा वाटा 'पेयं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ' या गटाचा निघाला. एकूण घरखर्चाच्या ग्रामीण भागात जवळपास १० टक्के, शहरात ११ टक्के. दूध, भाज्या, धान्य, कडधान्यं सगळी त्याच्या मागे.

थोडक्यात, गृहिणीने फोडणीतलं तेल १० टक्के कमी केलं आणि संध्याकाळी घरात फरसाणाचं एक पाकीट जास्त फुटलं, तर हिशोब जिथल्या तिथे राहतो.

पाकिटावर तर सगळं लिहिलेलं असतं ना?

लिहिलेलं असतं, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. आणि फलकावरच्या आकड्याशी ते जुळत नाही.

भारतात पाकीटबंद पदार्थांवर पोषणाचा तक्ता छापणं बंधनकारक आहे. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी द्यावी लागते. एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही द्यावं लागतं. ही टक्केवारी काढण्यासाठी नियमांनी वरून घातलेल्या साखरेचा दिवसाचा आकडा धरला आहे ५० ग्रॅम. शाळेतला आणि कँटीनमधला फलक मात्र सांगतो २५ ग्रॅम.

एक उदाहरण घेऊ. समजा बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर घातली आहे आणि कंपनीने एका वेळचं खाणं २० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन बिस्किटं धरलं आहे. त्यातून ५ ग्रॅम साखर जाते. पाकिटावर आकडा दिसेल १० टक्के. फलकाच्या हिशोबाने तो होतो २० टक्के. चहाबरोबर दोन-तीन बिस्किटांवर थांबणारे किती असतात, हे वेगळं सांगायला नको. तेच १०० ग्रॅमचं पाकीट एकट्याने संपवलं, तर दिवसाची सगळी साखर त्यातूनच आली.

म्हणजे एकाच सरकारच्या दोन मोजपट्ट्या आहेत. शाळेत फलक वाचलेलं मूल दुकानात पाकीट वाचायला गेलं, तर तिथे त्याला निम्मा धोका दिसेल.

पाकीट वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी बरंच काम होतं. एक, टक्केवारी सोडून थेट '१०० ग्रॅममध्ये किती' हा रकाना पाहावा. दोन, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप किंवा पामोलिन ही नावं पहिल्या तीन-चारांत असतील, तर पाकिटावर गव्हाची ओंबी कितीही मोठी छापलेली असो, माल तोच आहे.

हातगाडीवरच्या वड्याला तर पाकीटच नसतं. वडा केवढा, तेल किती तापलेलं, आवरण किती जाड, यावर आत किती तेल राहणार ते ठरतं. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पदार्थ जास्त तेल पितो. त्यात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं जातं. तळणाचं तेल किती बिघडलं की फेकून द्यायचं, याची मर्यादा एफएसएसएआयने जुलै २०१८ पासून लागू केली आहे. पण कोपऱ्यावरच्या कढईपर्यंत तपासणी क्वचितच पोचते.

गूळ, मध किंवा 'शुगर फ्री' चालेल का?

साखर सोडून गूळ घेतला की सुटलो, हा महाराष्ट्रात फार लाडका समज आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. काकवी, मध, खजुराचं सिरप यांचंही तेच. मर्यादेच्या हिशोबात हे सगळं साखरेतच धरायचं. गुळाच्या चहाचे चार कप हे साखरेच्या चहाच्या चार कपांपेक्षा फार वेगळे नाहीत.

अख्ख्या फळातली साखर मात्र या मर्यादेत धरत नाहीत, कारण तिथे चोथा असतो आणि ती हळूहळू शोषली जाते. फळाचा रस काढला की ती सवलत जाते.

कृत्रिम गोडव्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, कारण दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारायला हवं.

कर नेमकं काय सांगतात?

आवाहन एक सांगतं आणि किंमत दुसरंच सांगते, अशी स्थिती झाली तर लोक किमतीचं ऐकतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. बिस्किटं, चॉकलेट, केक-पेस्ट्री, आइस्क्रीम १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. पाकीटबंद फरसाण, भुजिया १२ वरून ५ टक्क्यांवर. फळांच्या गरापासून बनवलेली गोड पेयंही १२ वरून ५ टक्क्यांवर. बुडबुड्यांच्या शीतपेयांवर मात्र ४० टक्के.

३०० मिलीलिटर कोलामध्ये साधारण ३२ ग्रॅम साखर असते. बाजारातल्या आंब्याच्या गोड पेयातही साखर त्याच्याच आसपास असते. तरी एकावर ४० टक्के कर आणि दुसऱ्यावर ५. उलट ज्या कोलात साखरच नाही, त्यावरही ४० टक्केच. म्हणजे हा कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आहे. साखर कमी केली म्हणून कंपनीला एका पैशाचा फायदा होत नाही.

तेलाबाबतही असंच. फेब्रुवारीत तेल कमी खाण्याचं आवाहन झालं. मेच्या शेवटी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. महागाईच्या दृष्टीने या निर्णयाला कारण होतं. तेलाचे भाव भडकले की सर्वात आधी गरिबाच्या ताटाला झळ बसते. जीएसटी कपातीमागेही खप वाढवण्याचा, सणासुदीला दिलासा देण्याचा विचार होता. पण आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही निर्णय फलकाच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

विशेष म्हणजे जानेवारी २०२५ च्या सरकारी आर्थिक पाहणी अहवालातच अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार मांडला होता. प्रत्यक्षात त्यातले बरेच पदार्थ त्याच वर्षी स्वस्त झाले.

इतर देशांनी काय केलं?

चिलीने २०१६ मध्ये कायदा लागू केला. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर पाकिटावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी शिक्का. असा शिक्का असलेला पदार्थ शाळेत विकता येत नाही आणि मुलांसमोर त्याची जाहिरातही करता येत नाही. पहिल्या टप्प्यानंतरच्या अभ्यासात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलीलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ८ ग्रॅमच्या पुढे सर्वात जास्त. परिणाम असा झाला की कर टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी पेयातली साखरच कमी केली. ग्राहकाने काही न वाचता, काही न सोडता त्याच्या पोटात कमी साखर गेली.

भारतात पाकिटाच्या पुढच्या बाजूवरच्या खुणेची चर्चा बरीच वर्षं सुरू आहे. एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये एक मसुदा आणला. त्यात इशाऱ्याऐवजी अर्धा ते पाच तारे देण्याची कल्पना होती. यावर आहारतज्ज्ञांचा आक्षेप असा की दोन तारे मिळालेलं चिप्सचं पाकीटही 'चला, दोन तरी आहेत' असं वाटायला लावतं. त्यात थोडे दाणे किंवा तंतू घालून साखरेचा दोष झाकताही येतो. उद्योगाचं म्हणणं असं की थेट इशारा लावला तर पारंपरिक फरसाण आणि मिठाईदेखील धोकादायक ठरेल. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, नंतर मुदत वाढवून दिली. २०२२ चा तो मसुदा अंतिम झाला नाही.

समोसा-जिलेबीच्या वादात भारतीय पदार्थ विरुद्ध परदेशी पदार्थ असा जो सामना रंगला, त्याचा फायदा कुणाला होतो, हे इथे लक्षात येतं. तेल आणि साखर मोजताना पदार्थाचा मुलूख विचारायची गरज नसते. नियम सगळ्यांना सारखा हवा, ही मागणी रास्त आहे. पण तिचा अर्थ 'म्हणून कुणालाच नको' असा होत नाही.

सगळ्यांनाच तेल कमी करायला सांगायचं का?

नाही. त्याच पाचव्या सर्वेक्षणात देशातल्या जवळपास १९ टक्के महिलांचं वजन गरजेपेक्षा कमी आढळलं. ज्या घरात आधीच तेल मोजून-मापून पडतं, त्या घराला १० टक्के कपातीचा सल्ला लागू होत नाही.

शरीराला चरबी लागतेच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट शोषली जात नाहीत. काही आवश्यक मेदाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या जेवणातलं तूप-तेल कमी करू नये. शेतात किंवा बांधकामावर दिवसभर राबणाऱ्याची गरज खुर्चीत बसून काम करणाऱ्यापेक्षा जास्त असते. एनआयएनच्या तत्त्वांतही श्रमानुसार हे प्रमाण बदलतं. २७ ग्रॅम हा सरासरी माणसासाठीचा आकडा आहे, फूटपट्टीने सगळ्यांना मारायचा नाही.

साखरेचं मात्र तसं नाही. वरून घातलेली साखर शरीराला लागतेच असं नाही. ती कमी करून कुणाचं नुकसान होत नाही. कुपोषित मुलाचं पोट गोड बिस्किटाने भरलं, तर डाळ, अंडं आणि भाजीची जागा जाते, तो तोटा वेगळाच.

सक्तीने काही बदलतं का? एक उदाहरण घरचंच

लोकांच्या सवयी कायद्याने बदलत नाहीत, असं सहज म्हटलं जातं. ट्रान्स फॅटचा अनुभव वेगळा आहे. वनस्पती तूप आणि त्यापासून बनलेल्या खारी, पॅटिस, केक यांतलं हे फॅट हृदयासाठी सर्वात घातक मानलं जातं. एफएसएसएआयने तेल आणि वनस्पती तुपातल्या त्याच्या प्रमाणाची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. त्याआधी ती ५ टक्के होती. यासाठी कुठल्या कँटीनमध्ये 'ट्रान्स फॅट फलक' लागला नाही. ग्राहकाला चमचे मोजावे लागले नाहीत. माल बनतो तिथेच बदल झाला.

उलट उदाहरणही घरचंच. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेयं, नूडल्स, पिझ्झा, बर्गर यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा शासन निर्णय काढला. २०२० मध्ये देशभरासाठी नियम आले. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आज कुठल्याही शाळेबाहेर सुट्टीच्या वेळी ५० मीटर चालून पाहिलं, तर या नियमाचं काय झालं ते कळतं.

दोन्हींत फरक एवढाच की पहिला नियम मोजक्या कारखान्यांवर होता आणि प्रयोगशाळेत तपासता येत होता. दुसरा हजारो फाटकांवर होता आणि तपासणारं कुणी नव्हतं.

मग फलक निरुपयोगी आहेत का?

नाहीत. एका पेयात आठ चमचे साखर असते हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं, तर ते ते लक्षात ठेवतं. घरी येऊन आईवडिलांनाही सांगतं. चहातली साखर, डब्यातलं तेल, आठवड्यातलं तळण हे घराच्या हातात आहे आणि तिथे फलकाची मदत होते.

पण घराच्या हातात असलेला भाग अर्ध्याहून कमी आहे. उरलेल्या भागासाठी तीन साध्या गोष्टी लागतील. पाकिटावरचा आकडा आणि फलकावरचा आकडा एक करणं. साखर किती, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक दिसणं. आणि कर बुडबुडे पाहून न लावता साखर मोजून लावणं. यातल्या पहिल्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही. नियमातला ५० हा आकडा २५ करायचा आहे.

तोवर कँटीनमध्ये चित्र असं राहील: भिंतीवर २५ ग्रॅमचा फलक, आणि त्याच्याखालच्या काउंटरवर ५० ग्रॅमच्या हिशोबाने छापलेली, आता आणखी स्वस्त झालेली बिस्किटांची पाकिटं.